परीक्षेत न विचारलेला प्रश्न

चीनशी माझा संबंध चहाच्या कपापलीकडे कधी गेला नव्हता. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापकाला त्याहून अधिक संबंध हवा तरी कशाला? कापूस पिकवीत असतो, तर निदान भावाच्या चर्चेत चीनचे नाव कानी आले असते!

एके वर्षी बी. ए.च्या वर्गात 'उद्ध्वस्त धर्मशाळा' शिकवीत होतो. डाव्या विचारांच्या प्राध्यापकाची विद्यापीठात चौकशी चालते, त्याचे हे नाटक. नाटककार गो. पु. देशपांडे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चीनविषयक अभ्यासाचे प्राध्यापक होते, हे वाक्य टिपणातून वाचले आणि पुढे निघालो. तोच मागच्या बाकावरून एक मुलगी उठली.

"सर, मराठी नाटकं लिहिणारा माणूस चीनकडे कसा काय वळला?"

"परीक्षेत हे विचारीत नाहीत," मी म्हणालो. वर्ग हसला. ती बसली.

तास संपल्यावर ती दाराशी थांबली होती. चीनचा इतिहास शिकायचा तर कुठे जावे लागते? वडील कोरडवाहू शेतकरी. मी व्यवहाराचे शहाणपण सांगितले, "बी. एड. कर." तिने ते केले.

प्रश्न मात्र माझ्या घरी मुक्कामाला आला. वाचू लागलो. सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली चीनला गेले. त्याच साली देशपांड्यांचा जन्म नाशकात झाला. बालपण साताऱ्याकडच्या रहिमतपुरात गेले. १९६२चे युद्ध झाले तेव्हा ते ऐन चोविशीत. त्या युद्धानंतर आपल्याकडे चीनचा अभ्यास वाढला. शेजाऱ्याशी भांडण झाल्यावरच त्याची भाषा शिकावी असे आपल्याला वाटले, हीही गंमतच!

वाचता वाचता लू शुन भेटला. वैद्यकीचे शिक्षण सोडून तो लेखनाकडे वळला आणि १९१८ साली बोलभाषेत 'वेड्याची रोजनिशी' लिहून मोकळा झाला. पुढल्याच वर्षी, ४ मे १९१९ रोजी, पेकिंगचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पंडितांची जुनी लेखनभाषा टाकून लोकांच्या बोलीत लिहावे की नाही, हा तिथे नुसता वाङ्मयाचा वाद नव्हता, राजकारणाचाही होता. मला १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिणारे जोतीराव आठवले. देशपांड्यांनी जोतीरावांवर 'सत्यशोधक' नाटक लिहिले, त्यांच्या लेखनाचा इंग्रजी संग्रहही २००२ साली संपादित केला. म्हणजे हा माणूस मराठी सोडून चीनकडे गेलाच नव्हता. जुनी घडी मोडायची कशी, आणि मोडायला निघालेल्यांचे पुढे काय होते, हा एकच प्रश्न त्यांनी दोन्हीकडे नेला असावा, असे मला वाटते. २०१३ साली ते गेले.

गेल्या दिवाळीत ती मुलगी बसस्थानकावर भेटली. आता एका शाळेत शिकवते. मी उत्साहाने हे सारे उत्तर तिला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले.

"चांगलं झालं, सर. पण मी तर रस्ता विचारला होता."

तिची गाडी लागली. मी हात हलवीत राहिलो.

आता वर्गात कोणी भलताच प्रश्न विचारला, तर मी आधी खडू खाली ठेवतो. उत्तर येत नसले तरी, ते शिकायला कुठे जावे लागते हे शोधून दुसऱ्या दिवशी सांगतो. परीक्षेचे मग पाहू.