पहाटेचा एक फेरा

मोटारसायकल आणि शांतता हे दोन शब्द शेजारी शेजारी आलेले पाहून पुष्कळ वाचकांस हसू येईल, याची आम्हांस जाणीव आहे. ज्या वाहनाचा आवाज आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जातो, ज्याचे नाव निघताच घरोघरच्या मातांच्या कपाळी आठी पडते, त्याच्या संगतीत निवांतपणाचे सुख लाभते असे म्हणणे म्हणजे भर बाजारात समाधी लागते असे म्हणण्यासारखेच आहे. तथापि गेली तीस वर्षे कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांतील रस्त्यांवर पहाटेच्या प्रहरी आम्ही हे सुख भोगीत आलो आहोत. आणि अलीकडे आमच्याच घरी या विषयावर जो वाद माजला, त्यामुळे त्यासंबंधी चार शब्द लिहावेत असे मनात आले.

वाद असा. आई, वडील बंधू, वहिनी, आम्ही उभयता आणि मुले अशी आमची सर्व मंडळी दहिवलीस एकाच घरात नांदते. बंधूंच्या चिरंजीवांना विसावे वर्ष लागले. वाहन चालविण्याचा परवाना हाती पडताच आता स्वतःची मोटारसायकल हवी, असा त्यांनी हट्ट धरला. वहिनींनी साफ नकार दिला. "काका तीस वर्षे चालवतात, त्यांना कोणी अडवीत नाही," असे चिरंजीवांनी म्हणताच वहिनी उत्तरल्या, "भावोजींची गाडी चालते, तुझी उडेल." या एका वाक्यात वादाचे सारे मर्म आले होते. बंधूंनी नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रात डोके घातले. आईने जपाची माळ थांबवून आमच्याकडे पाहिले. निकाल आमच्यावर सोपविला आहे हे ओळखून आम्ही एवढेच म्हणालो, की रविवारी पहाटे मुलास एक फेरा आमच्याबरोबर करू द्या, मग बोलू.

मार्गशीर्षातली पहाट होती. साडेपाचाच्या सुमारास आम्ही गाडी अंगणातून बाहेर काढली. पण सुरू मात्र केली नाही. हातांनी ढकलीत ती पुलाच्या बाजूच्या मोकळ्या जागेपर्यंत नेली. चिरंजीवांस हे चमत्कारिक वाटले. परंतु आईची झोप मोडायची नाही आणि शेजारच्यांचीही नाही, हा आमचा पहिल्या दिवसापासूनचा शिरस्ता आहे. शांततेचे सुख घेण्यास निघालेल्या माणसाने वाटेत चार जणांची शांतता लुटून जावे, यापरता लाजिरवाणा व्यवहार नाही.

आमची गाडी जुनी बुलेट आहे. मद्रासेस १९५५ सालापासून ही गाडी बनू लागली, आणि नंतर कितीतरी वर्षे तिच्या रचनेत फारसा पालट झाला नाही. आमच्या गाडीचा गिअर उजव्या पायाशी आहे. तिला किक मारणे हा बळाचा नव्हे तर धीराचा विषय आहे. आधी डाव्या हाताची छोटी कळ दाबून सिलिंडरातला दाब सोडावयाचा, पायाने हळूच दट्ट्या वरच्या टोकाच्या किंचित पुढे आणावयाचा, अॅमीटरचा काटा मध्यावर आला म्हणजे कळ सोडावयाची, आणि मग एकच सावकाश, पूर्ण लाथ. घाई केली तर गाडी पायालाच उलट लाथ हाणते. चिरंजीवांनी तीन वेळा घाई केली. चौथ्या खेपेस त्यांनी काट्याकडे पाहिले, आणि गाडी धीम्या ठेक्यात बोलू लागली. तिच्या आतील जड चक्रामुळे वरच्या गिअरातही ती ताशी चाळीस किलोमीटरांच्या वेगाने कुरकुर न करता चालते. किंबहुना तीच तिची खरी चाल आहे.

उल्हास नदीवरचा पूल ओलांडून आम्ही पळसदरीच्या वाटेस लागलो. हेल्मेट, हातमोजे, लोकरीचा गळपट्टा असा सारा जामानिमा असूनही पुलावर थंडीने कानशिले बधिर केली. पुढे रस्ता जरासा चढला, तोच कोणी अंगावर शाल टाकावी तशी ऊब आली. पुन्हा एक ओढा, पुन्हा गारवा. पुन्हा टेपाड, पुन्हा ऊब. चिरंजीवांनी मागून विचारले, "काका, हे असे का होते?" कारण साधे आहे. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते. तिच्या लगतची हवा थंड होते, थंड झाली म्हणजे जड होते, आणि पाण्याप्रमाणेच उतार शोधीत ओढ्यानाल्यांत व खाचरांत उतरून साचते. उंचवट्यावर त्या मानाने ऊब उरते. दूरच्या वाडीतून चुलींचा धूर सरळ वर चढत होता आणि थोड्या उंचीवर गेल्यावर छताला लागल्यासारखा आडवा पसरत होता, त्याचेही कारण हेच. खालच्या गार हवेवर उबदार हवेचे झाकण बसलेले असते. धुरास ते भेदून जाता येत नाही.

येथेच आम्हांस आमच्या सुखाचे खरे बीज सापडते. पायी चालणारास हा फरक इतका हळूहळू भेटतो की तो ध्यानात येत नाही. मोटारीत बसलेल्यास काचेमुळे तो भेटतच नाही. अतिवेगाने जाणाऱ्यास एकच बोचरा वारा तेवढा ठाऊक. परंतु मध्यम चालीने दुचाकीवरून जाणाऱ्याच्या कातडीला भूमीची सारी उंचसखल घडण कळते. ओला पेंढा, चुलीतली लाकडे, गोठा, नदीकाठचा चिखल, भात निघाल्यावर त्याच खाचरांत उरल्या ओलीवर वाढणारा वाल, या सर्वांचे वास क्रमाने येतात आणि क्रमाने जातात. डोळे मिटून नेले तरी आपण कोठे आहोत हे सांगता येईल. अर्थात डोळे मिटण्याचे काम मागे बसलेल्यानेच करावे, हे सांगणे नलगे.

पळसदरीच्या तळ्यापाशी आम्ही थांबलो. कर्जतचा सूर्योदय हा एक उलटा प्रकार आहे. पूर्वेस सह्याद्रीची भिंत उभी असल्यामुळे सूर्य आम्हांस उशिरा दिसतो. पण पाठीमागे वायव्येस माथेरानचा डोंगर आहे, त्याच्या माथ्यावर ऊन आधी पडते. मग ते कड्यावरून खाली सरकत येते. म्हणजे इतरत्र दिवस उगवतो, आमच्याकडे तो उतरतो. एवढ्यात घाटाकडे निघालेली आगगाडी दूरवरून ऐकू आली. तिला चढावर रेटण्यासाठी कर्जतेस मागून जादा एंजिने जोडतात. त्यांचा घुमणारा आवाज डोंगरात शिरून हळूहळू विरला. चिरंजीवांनी खिशातून फोन काढला, क्षणभर हातात धरला आणि तसाच परत ठेवला. आम्ही काही बोललो नाही.

खोपोलीस पोहोचलो तेव्हा चहाच्या टपऱ्या उघडल्या होत्या. समोर डोंगरावरून उतरणारे ते अजस्र नळ दिसत होते. लोणावळ्याकडच्या तलावांत पावसाचे पाणी अडवावे, ते सुमारे पाचशे मीटर खाली सोडून त्यापासून वीज करावी आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवावी, ही जमशेटजी टाटांची कल्पना. त्यांच्या निधनानंतर अकरा वर्षांनी, १९१५ साली, ती येथे प्रत्यक्षात उतरली. ज्या डोंगरावर हे नळ आहेत तोच बोरघाट ओलांडण्यासाठी माणसाने किती परी केल्या! १८३० साली गाडीरस्ता झाला, १८६३ साली आगगाडी चढली, २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला. प्रत्येक पिढीने मागच्या पिढीहून अधिक घाई केली. त्या नव्या मार्गावर दुचाकीस मज्जाव आहे. तो योग्यच आहे, आणि आमच्या पथ्यावरही पडला आहे. कारण घाईची बहुतेक वाहने तिकडे गेल्याने रविवारच्या पहाटे जुना रस्ता आम्हांस बराचसा मोकळा मिळतो.

त्या जुन्या रस्त्याने खालापूरकडे जाताना महडचा फाटा लागतो. आत वळून वरदविनायकाचे दर्शन घेतले. १७२५ साली रामजी महादेव बिवलकरांनी बांधलेले हे देऊळ. येथील नंदादीप १८९२ सालापासून अखंड तेवत आहे असे सांगतात. देवळापासून बऱ्याच अंतरावर आम्ही गाडी बंद केली होती. काकड्याची वेळ टळून गेली होती. तळ्याकाठी एक आजीबाई फुले निवडीत होत्या.

चौकेस आलो तेव्हा चांगले उजाडले होते. उत्तरेस इर्शाळगडाचा सुळका उन्हात न्हात होता. त्याच्या कुशीत १९ जुलै २०२३ च्या रात्रीपर्यंत इर्शाळवाडी नावाची ठाकरांची वस्ती होती. अतिवृष्टीने डोंगराचा भाग खचून तिच्यावर आला. २७ जणांचे देह सापडले. ५७ माणसे बेपत्ताच राहिली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदतीस आलेल्यांना त्या रात्री पावसात, चिखलात, पायीच चढावे लागले. यंत्रे वर नेता आली नाहीत. कुदळ, फावडी आणि हात यांनीच उकरावे लागले. वाचलेल्यांना पुढे चौकेजवळच नवी घरे मिळाली. आम्ही दोघे गाडी बंद करून उभे होतो. या दोन तालुक्यांचे सौंदर्य लुटावयास येणाऱ्या आमच्यासारख्यांस जेथे चाक पोहोचते तेवढेच जग दिसते, ही गोष्ट त्या सुळक्याकडे पाहताना आम्हांस नेहमी टोचते. चिरंजीवांनी विचारले, "वर जायला किती वेळ लागतो?" आम्ही म्हटले, "एखाद्या रविवारी पायीच जाऊन पाहू."

चौकेहून कर्जतेचा रस्ता लागल्यावर आम्ही गाडी त्यांच्या हाती दिली आणि मागे बसलो. पहिले चारपाच किलोमीटर त्यांनी उत्तम चालविली. मग एक सरळ, मोकळा तुकडा आला, आणि तरुण मनगटाला मोह आवरला नाही. गाडीचा ठेका तुटला, आवाज चढला, वारा कानात घोंघावू लागला. आम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवणार, तोच पुढच्या वळणावर डोईवर लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या पाचसहा बाया एका ओळीत चालताना दिसल्या. त्यांच्या डोक्यांवर मोळ्या. मागे वळून पाहणे त्यांना शक्य नव्हते. त्यांनी आवाज तेवढा ऐकला, आणि ओळीतली शेवटची बाई दचकून रस्त्याकडेला चालण्याऐवजी आत आली. चिरंजीवांनी दोन्ही ब्रेक दाबले. मागचे चाक थोडे घसरले, आणि गाडी तिच्यापासून पुरुषभर अंतरावर उभी राहिली. मोळीची दोरी सुटून काटक्या रस्त्यावर विखुरल्या.

कोणास काही झाले नाही. बाई आधी घाबरली, मग रागावली, आणि तिच्या रागाचा एकही शब्द अयोग्य नव्हता. चिरंजीवांनी गाडी बंद केली, खाली उतरून काटक्या गोळा केल्या, मोळी बांधू लागले. त्यांना ती बांधता येईना. शेवटी तिनेच बांधली. त्यांनी मोळी उचलून तिच्या डोईवर दिली, तेव्हा तिचे वजन त्यांच्या हातांना कळले असावे. "पहाटेपासून कुठून आणता?" असे त्यांनी विचारले. तिने हनुवटीने डोंगराकडे खूण केली आणि ती चालू लागली. घरापर्यंतचा उरलेला रस्ता त्यांनी पुन्हा त्या जुन्या ठेक्यात काटला. आम्ही उपदेश केला नाही. ज्या गोष्टी रस्त्याने सांगितल्या त्या पुन्हा काकाने सांगण्याचे प्रयोजन नव्हते.

घरी आलो तेव्हा आठ वाजत होते. वहिनी ओट्यावर होत्या. आम्ही काही म्हणण्यापूर्वीच चिरंजीवांनी घडलेली हकीकत आईला जशीच्या तशी सांगितली. वेगाची गोष्टही लपविली नाही. ती ऐकून वहिनींचा चेहरा उतरला, आणि आता हा विषय कायमचा संपला असे आम्हांस वाटले. पण त्या बराच वेळ गप्प राहून म्हणाल्या, "संक्रांतीनंतर पाहू." बंधूंनी वर्तमानपत्राचे पान उलटले. आईची माळ पुन्हा चालू झाली.

वेगाच्या वाहनावर वेग आवरून बसण्यातच त्या पहाटेच्या सुखाचे सार आहे, असे आमचे मत आहे. जे करता येते ते सर्वच करावयाचे नसते, हे शिकविणारी शाळा म्हणून आम्हांस हे रस्ते प्रिय आहेत. या शाळेत आमच्या चिरंजीवांचे नाव दाखल झाले की नाही, हे सांगण्याचे धाडस आम्ही एवढ्यात करीत नाही. मात्र पुढच्या रविवारी जाग आली तेव्हा घरात काहीच आवाज झाला नव्हता. बाहेर येऊन पाहतो तो अंगणातील दहिवरावर गाडीच्या चाकांची ओळ पुलाच्या दिशेने गेलेली, आणि तिच्या शेजारी पावलांची. थोड्या वेळाने दूरवर तो धीमा ठेका सुरू झाला. पहिल्याच लाथेत की चौथ्या, हे कळले नाही. स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता. चहाचे आधण ठेवून वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या, आणि तो आवाज पूर्ण विरेपर्यंत त्या तेथून हलल्या नाहीत.