तीन पिढ्या, एक गाडी आणि रायगडचा किनारा

मार्गशीर्ष सरत आला की अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलामुलींच्या आगमनाची चाहूल आपल्याकडील घरांना लागते. तीन आठवड्यांची रजा, सोबत दोन नातवंडे आणि आजी-आजोबांची एकच इच्छा : या खेपेस सर्वांनी मिळून हरिहरेश्वराचे दर्शन घ्यावे आणि वाटेत मुलांना आपला समुद्र दाखवावा. मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतचा हा प्रवास आठ दिवसांत सुखाने होतो. मात्र त्याची आखणी नकाशावरून नव्हे, तर गाडीत बसणाऱ्यांच्या प्रकृतीवरून करावी, असे या किनाऱ्यावर अनेक वर्षे दवाखाना चालवल्यानंतर मी आपणास सुचवीन.

परदेशी पाहुणा या किनाऱ्याला नवा नाही. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला आणि पुढे बिदरकडे गेला. वाटेत पावसाळ्याचे महिने त्याला जुन्नरला मुक्काम करून काढावे लागले. रेवदंड्यात आज त्याचे स्मारक आहे. ऋतूपुढे प्रवाशाने नमते घ्यावे, हा धडा तेव्हाइतकाच आजही खरा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच या वाटेचा उत्तम काळ होय.

पहिले चार दिवस घरीच

हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या आणि आपल्या घड्याळात साडेदहा तासांचे अंतर असते. शरीराला ते अंतर भरून काढण्यास काही दिवस लागतात. विमानातून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी जावयाच्या हाती गाडी देणे म्हणजे अर्धवट झोपेतील माणसाच्या हाती ती देणे होय. शिवाय त्यांना रस्त्याच्या उजवीकडून चालवण्याची सवय असते आणि येथे आपण डावीकडून जातो. तेव्हा स्थानिक, माहीतगार चालक ठेवावा.

पंधरा तासांच्या विमानप्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, तर ते थकव्यावर ढकलू नये. शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सोबत धाप लागली वा छातीत दुखले, तर थेट रुग्णालय गाठावे. गाडीतही दर दीड तासाने सर्वांनी खाली उतरून चार पावले चालावे.

टायफॉइड आणि कावीळ अ यांच्या लसी मुलांनी तिकडूनच, निघण्यापूर्वी दोन ते चार आठवडे आधी घेऊन यावे.

वाट आणि तिचे वेळापत्रक

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणारी रो-रो बोट २०२० साली सुरू झाली. गाडीसह तासाभरात मांडवा येते आणि पेण-वडखळचा शीण वाचतो. पहिले दोन दिवस अलिबागला काढावेत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असल्यामुळे १९०४ साली कुलाब्याहून येथे हलवलेली चुंबकीय वेधशाळा बाहेरून का होईना, मुलांना दाखवावी.

कुलाबा किल्ल्यात मात्र ओहोटी पाहूनच चालत जावे. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे सुमारे तीन वाजता पूर्ण भरती. त्याच्या सहा तास पुढे-मागे, म्हणजे नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत पाणी पुरेसे ओसरत नाही, हेही ध्यानी ठेवावे. हा केवळ अंदाज आहे. पाण्यात पाय घालण्यापूर्वी स्थानिक कोळीबांधवांना विचारावेच.

पुढे रेवदंडा, कुंडलिका खाडीवरील पूल आणि कोर्लई. कोर्लईच्या गावात पोर्तुगीजांच्या काळापासून चालत आलेली मिश्र बोली आजही बोलली जाते. अलिबाग ते मुरूड हे अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर, पण वळणांचे. अमेरिकेत ज्याला अर्धा तास लागतो, त्याला येथे दोन तास धरावेत. गाडी लागणाऱ्यांनी पुढच्या आसनावर बसावे आणि हलका आहार घ्यावा. उलटीवरील झोप आणणाऱ्या गोळ्या प्रोस्टेट वा काचबिंदू असलेल्या आजोबांना डॉक्टरांच्या सल्ल्याविना देऊ नयेत.

काशिदची पांढरी वाळू मोहक आहे, पण तेथील पाणी फसवे आहे. दर वर्षी पोहता येणारी माणसेही या किनारपट्टीवर बुडतात. मुलांनी गुडघ्याच्या पुढे जाऊ नये आणि एका मोठ्या माणसाने केवळ त्यांच्यावर नजर ठेवण्याचे काम करावे, मोबाईलवर नव्हे. जंजिऱ्याला शिडाच्या होडीतून उतरताना पायऱ्या निसरड्या असतात. गुडघे वा तोल ठीक नसलेल्यांनी राजपुरीच्या धक्क्यावरूनच किल्ला डोळे भरून पाहावा. त्यात कमीपणा नाही.

आगरदांड्याहून दिघीला गाडी फेरीबोटीने पार होते. मग दिवेआगर आणि पेशव्यांचे मूळ गाव श्रीवर्धन. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळाने येथील सुपारीच्या बागा आडव्या केल्या. नव्याने लावलेली रोपे मुलांना आवर्जून दाखवावीत.

हरिहरेश्वराची प्रदक्षिणा हा आजी-आजोबांच्या मनातील क्षण. पायऱ्या उतरून खडकांवरून जाणारी ही वाट ओहोटीलाच करावी. भरतीच्या लाटेने येथून माणसे ओढून नेली आहेत. वेळ जुळत नसेल, तर देवळातूनच हात जोडावेत.

दुखणे आलेच तर

१०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये असावा. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. मुरूड आणि श्रीवर्धनला शासकीय रुग्णालये आहेत. परंतु हृदयविकाराचे सर्व उपचार तेथे मिळतील असे गृहीत धरू नये. अलीकडेच छातीत दुखले असेल, तर प्रवासच पुढे ढकलावा.

विंचवाची भीती बाळगू नये, पण त्याला क्षुल्लकही मानू नये. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात याच जिल्ह्यात रुजवला. त्याने असंख्य मुले वाचली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दंशानंतर घाम फुटणे, उलट्या, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. साप चावल्यास आवळून बांधू नये, चीर देऊ नये. अवयव स्थिर ठेवून निघावे. चपला झटकून घालणे आणि रात्री विजेरी घेऊन फिरणे, एवढ्यानेही बरेच टळते.

पिशवीत काय असावे

नेहमीची औषधे दोन भागांत, दोन पिशव्यांत ठेवावीत. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत राहू देऊ नये. जलसंजीवनीची पाकिटे घ्यावीत. ती नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे (चहाचा चमचा). तिसऱ्या वा कोळंबी प्रथमच खाणाऱ्या मुलाला आधी एखादाच घास द्यावा. अंगावर पित्त उठले की थांबावे. ओठ सुजले वा श्वास अडखळला, तर तत्काळ रुग्णालयात न्यावे. शहाळे उत्तम, परंतु मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांनी, त्यातील पोटॅशियममुळे आपल्या डॉक्टरांना विचारून प्यावे.

आठ दिवसांत एक दिवस पूर्ण रिकामा ठेवावा, कोणतेही ठिकाण न नेमता. त्या दिवशी बहुधा कोणाचे तरी पोट बिघडते किंवा आजीचा गुडघा दुखतो. काहीच झाले नाही, तर नातवंडे आजोबांजवळ बसून त्यांच्या लहानपणीच्या गोष्टी ऐकतात. सात समुद्रांपलीकडून मुले येतात ती मुख्यतः यासाठीच. एखादे ठिकाण राहून गेल्यास खंत करू नये. सगळी माणसे धडधाकट घरी परतली, म्हणजे प्रवास सफल झाला.