किलोमीटरमागे २७ पैसे

टायर घेताना एकच भागाकार करायचा, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. किंमत भागिले किलोमीटर. उत्तर ज्याचं लहान, तो टायर चांगला. मी पेशाने कॉस्ट अकाउंटंट, त्यामुळे माझ्या शब्दाला घरात आणि ऑफिसात वजन होतं. माझ्या सांगण्यावरून दोन सहकाऱ्यांनी टायर घेतले, धाकट्या भावाने घेतले. हा सल्ला चुकीचा होता. तो देताना मी जे मोजायला हवं होतं ते मोजलंच नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे.

२०१८ च्या ऑगस्टमधलं माझ्या वहीतलं पान अजून आहे. समोर दोन पर्याय होते. एक कडक रबराचा, ४,४०० रुपयांना एक. दुकानदार म्हणाला, ६५ हजार किलोमीटर आरामात जाईल. दुसरा थोडा मऊ, ५,६०० रुपयांना, आयुष्य ४५ हजार. चार टायरांचे १७,६०० भागिले ६५ हजार, म्हणजे किलोमीटरमागे २७ पैसे. दुसऱ्याचे २२,४०० भागिले ४५ हजार, म्हणजे ५० पैसे. २७ ला मी दोनदा अधोरेखित केलेलं आहे. पावसाचं काय, असं विचारल्यावर दुकानदाराने टायरवर थाप मारून सांगितलं, "मॅडम, ऑल सीझन आहे, बारा महिने चालतो." पहिल्याला ऑल सीझन म्हणाला, दुसऱ्यालाही. मग माझ्या दृष्टीने फरक पैशांचाच उरला. शिवाय पहिल्यावर सूट होती. सूट का होती हे मी विचारलं नाही.

माझं घर कराडला आणि माहेर चिपळूणला. मध्ये पाटण, कोयनानगर, हेळवाक आणि मग कुंभार्ली घाट. कोयनेच्या खोऱ्यात वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जुलैत घाटात ढग रस्त्यावर उतरतात आणि डोंगरातून आलेलं पाणी वळणावळणावर डांबर ओलांडून पलीकडे जातं. बारा महिन्यांतले हे चार महिने बाकीच्या आठांसारखे नसतात, हे त्या रस्त्यावर लहानाची मोठी झालेल्या मुलीला कोणी सांगायला नको होतं. तरी माझ्या भागाकारात पाऊस कुठेच नव्हता.

२०२२ च्या दिवाळीआधी एका खड्ड्यात आपटून पुढच्या टायरला फुगा आला. जोडीने बदलायचे म्हणून दोन नवे घेतले आणि ते पुढेच बसवले. इंजिन पुढची चाकं ओढतं, स्टिअरिंग पुढे, ब्रेकचा जोर पुढे, मग चांगले टायरही पुढेच हवेत, असं मला वाटत होतं. दुकानदारालाही तसंच वाटत होतं. मागचे दोन जुनेच राहिले. त्यांची नक्षी चांगली चार मिलिमीटर शिल्लक होती. कायद्याने १.६ मिलिमीटर लागते. खाचेत तेवढ्या उंचीचे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. माझे टायर त्या खुणेपासून लांब होते. अडीच मिलिमीटर शिल्लक असताना टायर फेकणं मला पाप वाटलं असतं.

२०२३ च्या जुलैत आईला डोळ्यांच्या ऑपरेशननंतर चिपळूणला सोडायला निघाले. ती मागच्या सीटवर, काळा चष्मा लावून. हेळवाक सोडलं, घाट उतरायला लागलो. पाऊस मोठा नव्हता, संततधार होती. वेग ताशी पस्तीस-चाळीसच्या वर नव्हता. एका डाव्या वळणावर समोर पाण्याचा पट्टा दिसला आणि मी ब्रेकवर पाय ठेवला. जोरात नाही, रोजच्यासारखा. गाडीचं बूड सुटलं. स्टिअरिंग माझ्या हातात होतं, पुढची चाकं रस्ता धरून होती, आणि मागची बाजू मला ओलांडून पुढे यायला निघाली. गाडी अर्धी फिरली आणि डोंगराच्या बाजूच्या गटारीला मागचं चाक लावून थांबली. ती दुसऱ्या बाजूला गेली असती तर काय झालं असतं, ते लिहिणार नाही.

खालून कराडकडे निघालेली एसटी येत होती. ड्रायव्हरने आम्हाला फिरताना पाहिलं असावं, त्याने बरीच आधी गाडी उभी केली. तो आणि कंडक्टर पावसात उतरले, गाडी ढकलून सरळ करून दिली. जाता जाता ड्रायव्हर मागच्या चाकापाशी वाकला, टायरवर अंगठ्याचं नख दाबलं आणि म्हणाला, "ताई, नक्षी हाय, पण रबराचा दगड झालाय बघा."

घाटाखालच्या पोफळीपर्यंत आईने एक शब्द काढला नाही. मग विचारलं, "तुझं काही चुकलं का गं?"

मी म्हणाले, "नाही आई, रस्ता ओला होता."

पुढचे तीन आठवडे मी हेच सगळ्यांना सांगितलं. रस्ता ओला होता, शेवाळ असावं, सार्वजनिक बांधकामवाल्यांनी गटारी साफ केलेल्या नव्हत्या. यातलं काही खरंही असेल. पण त्याच वळणावरून त्याच दिवशी शेकडो गाड्या गेल्या होत्या, आणि माझं मन त्या नखाच्या खुणेकडे परत परत जात होतं.

एका रविवारी गाडीखाली टॉर्च घेऊन आडवी झाले. टायरच्या बाजूवर एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. बहुतेकदा ते एकाच बाजूला छापलेले असतात आणि ती बाजू आत गेलेली असते, म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत. माझ्या मागच्या दोन्ही टायरांवर ३४१६ होतं. २०१६ सालचा ३४वा आठवडा. म्हणजे मी २०१८ मध्ये "नवे" घेतले तेव्हाच ते दोन वर्षांचे होते. सूट त्याची होती. घाटात ते सात वर्षांचे होते.

रबर वापरल्याने झिजतं हे मला ठाऊक होतं. ते नुसतं पडून राहूनही म्हातारं होतं, हे मी कधी हिशेबात धरलं नव्हतं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन रबराच्या साखळ्यांवर काम करत राहतात, ऊन त्याला वेग देतं, आणि रबर कडक होत जातं. कडक रबर डांबराच्या बारीक खडबडीत पृष्ठभागात शिरत नाही. कोरड्या रस्त्यावर ते झाकून जातं, ओल्या रस्त्यावर उघडं पडतं. मोठ्या टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासणी करा म्हणतात आणि दहा वर्षं ही कमाल मर्यादा सांगतात. काही मोटार कंपन्या सहा वर्षांतच बदला म्हणतात. माझी गाडी बिल्डिंगच्या दारात उघड्या उन्हात उभी असते. मी सहा धरली.

मग वही काढून तोच भागाकार पुन्हा केला. माझी गाडी वर्षाला नऊ हजार किलोमीटर चालते. ६५ हजार व्हायला सव्वासात वर्षं लागली असती. ते किलोमीटर माझ्यासाठी कधी नव्हतेच! सहा वर्षांच्या मर्यादेतली दोन दुकानात गेलेली, माझ्या वाट्याला चार, म्हणजे ३६ हजार किलोमीटर. १७,६०० भागिले ३६ हजार. उत्तर आलं ४९ पैसे. दुसरा टायर, ताज्या तारखेचा मिळाला असता, तर पाच वर्षांत त्याचे ४५ हजार पुरे झाले असते, ५० पैशांनी. माझी बचत किलोमीटरमागे एक पैसा होती. वर्षाला नव्वद रुपये. त्या पानाकडे मी बराच वेळ बघत बसले. मागच्या सीटवर काळा चष्मा लावलेली आई आणि नव्वद रुपये.

नवे टायर पुढे बसवण्याचा निर्णयही तितकाच चुकला होता. उतारावर ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. पुढची घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते. पाय सैल केला की बऱ्याचदा पकड परत येते. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि ती सावरणं तुमच्या-माझ्यासारख्या ड्रायव्हरच्या हातात राहत नाही. म्हणून दोनच नवे घेतले तर ते मागे बसवायचे, इंजिन पुढची चाकं ओढत असलं तरीही. टायर कंपन्या हे सांगत आलेल्या आहेत. मी विचारलं नव्हतं.

त्यानंतर चारही नवे घ्यायचे ठरवले आणि या वेळी तुलना पहिल्यापासून केली. पहिला शोध "ऑल सीझन" या शब्दाचाच लागला. भाचा म्युनिकला असतो. तो म्हणाला, मावशी, तो शब्द आमच्याकडचा. उन्हाळी टायरचं रबर सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, म्हणून तिथे हिवाळी टायर वेगळे. ऑक्टोबर ते ईस्टर ते चढवायचे. वर्षातून दोनदा बदलायचे नसतील तर ऑल सीझन, आणि त्यावर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह लागतं. ते नसलेले टायर १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत हिवाळी म्हणून चालत नाहीत, नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो) लिहिलेलं असून उपयोग नाही. म्हणजे तिथे त्या शब्दामागे बर्फाची परीक्षा आहे. आपल्याकडे बर्फ नाही, आणि उन्हाची किंवा पाण्याची परीक्षा त्या शब्दात आपोआप येत नाही. सह्याद्रीत हिमकणाचं चिन्ह शोधायची गरज नाही. थंडीसाठी मऊ केलेलं रबर आपल्या मे महिन्यात भराभर झिजेल.

काही टायरांवर ट्रेडवेअर म्हणून आकडा असतो, ३०० किंवा ५००. ही अमेरिकेची पद्धत. टेक्सासमध्ये सॅन अँजेलोजवळ सुमारे ६४० किलोमीटरच्या ठरलेल्या फेरीवर टायर चालवतात आणि १०० मानलेल्या प्रमाण-टायरशी त्याची झीज ताडून पाहतात. ५०० म्हणजे ५० हजार किलोमीटर नव्हे, आणि तो आकडा कंपनी स्वतःच जाहीर करते. शेजारी ट्रॅक्शनचं अक्षर असतं, एए पासून सी पर्यंत. ते ओल्या रस्त्यावरचं, पण फक्त सरळ रेषेत ब्रेक लावल्यावरचं. वळणाचं त्यात काही नाही. हे कळल्यावर माझा त्या अक्षरावरचा विश्वास कमी झाला, पण मी त्याला आकड्याच्या वर ठेवायला लागले. युरोपच्या लेबलवर ओल्या पकडीची ए ते ई अशी श्रेणी असते, ती मिळाली तर सर्वांत आधी बघते.

ओल्या पकडीला मी का वर ठेवते, तेही हिशेबातच सांगते. समजा ओल्या रस्त्यावर ताशी ८० वरून एक टायर ३५ मीटरमध्ये थांबतो आणि दुसरा ४० मध्ये. पाच मीटर म्हणजे काय, एका गाडीची लांबी आणि थोडं वर. पण पहिली गाडी जिथे पूर्ण उभी आहे, तिथे दुसरी अजून ताशी २८ च्या वेगाने जाते आहे. त्या जागी एखादं माणूस असेल तर २८ हा आकडा त्याला लागतो.

हवेचं तर मला आधी काही वाटतच नसे. १९६० च्या दशकात नासाच्या लँगली केंद्रात विमानांच्या टायरांवर काम झालं, त्यातून एक सूत्र निघालं: नक्षीला पेलणार नाही इतकं पाणी असेल तर टायर कोणत्या वेगाला पाण्यावर तरंगायला लागेल हे हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतं. ३३ पीएसआयला तो वेग ताशी ९५ च्या आसपास येतो, २४ ला ८२ च्या. पाटणच्या पुढच्या सरळ रस्त्यावर ८५ चा वेग कोणालाही लागतो. आता मी दर पंधरा दिवसांनी गार टायरमध्ये हवा बघते.

टिकाऊपणा मी सोडून दिलेला नाही. शेजारचे काका टॅक्सी चालवतात, महिन्याला चार हजार किलोमीटर. त्यांचा टायर म्हातारा व्हायच्या आत झिजतो; त्यांच्यासाठी कडक रबराचा भागाकार खरा आहे आणि मी त्यांना तो बदला म्हणत नाही. फक्त तीन मिलिमीटरच्या खाली नक्षी गेलेले टायर घेऊन पावसाळ्यात घाट उतरू नका, एवढं सांगते. पाणी बाहेर काढायला खोली लागते आणि शेवटचे ते दीड मिलिमीटर कायद्याला पुरतात, कुंभार्लीला नाही. मी स्वतः घेतले ते मधल्या आयुष्याचे, रबरात सिलिका जास्त असलेले, चार रुंद सरळ खाचांचे. दुकानात चारही टायरांची तारीख वाचल्याशिवाय बसवू दिले नाहीत. एक जुना निघाला, तो परत पाठवला. दुकानदार नाराज झाला. पुढच्या जुलैत त्याच वळणावर त्याच वेगाने उतरले, गाडी रस्त्यावर राहिली.

आईला मी नंतर खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं." एवढंच.

सहकाऱ्यांना सांगणं सोपं गेलं. भावाला सांगायला जड गेलं, कारण त्याने माझ्याच आकड्यांवर विसंबून टायर घेतले होते आणि त्याची दोन मुलं रोज त्या गाडीतून शाळेत जातात. एका रात्री साडेनऊला फोन केला. म्हटलं, खाली जा, टॉर्च घे, टायरच्या आतल्या बाजूला चार आकडे असतील, वाच. चिखलात आडवं व्हावं लागलं त्याला. जरा वेळाने आवाज आला, "ताई, पुसट आहे गं... शून्य, नऊ... एक... सात."

"उद्या मुलांना रिक्षाने पाठव," मी म्हटलं. "मी सकाळी निघते, आपण मिळून दुकानात जाऊ."