न्हाव्याची एक थंड सकाळ

न्हावा-शेवा हे नाव आपण वर्तमानपत्रात वाचतो ते एका दमात, जणू ते एकच गाव आहे. प्रत्यक्षात ती दोन गावे. न्हावा पनवेल तालुक्यातले, शेवा उरण तालुक्यातले. मधल्या संयोगचिन्हावर मात्र आज एक अवाढव्य बंदर उभे आहे. पनवेलच्या शाळेत उभी हयात शिकवण्यात घालवूनही हे दोन गावांचे गुपित मला कळले नव्हते. भूगोल शिकवीत होतो, हे कृपा करून कोणाला सांगू नका!

गेल्या मार्गशीर्षात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने फार आग्रह केला. हा मुलगा न्हाव्याचा. आता बंदरात क्रेन चालवतो. "मास्तर, एकदा आमच्या घरी राहायला या. काकूंनाही आणा," असे तो दर दिवाळीला म्हणे. या खेपेस आम्ही निघालो. आम्ही म्हणजे मी, सौ. आणि आमची स्कूटर. ही तिसरी व्यक्ती घरात मुलाच्याही आधी आली. दोन फटक्यांच्या इंजिनाची, म्हणजे पेट्रोलात तेल मिसळून पिणारी. आता असली स्कूटर रस्त्यावर क्वचितच दिसते. चिरंजीवांचे मत स्पष्ट होते : "बाबा, हिला भंगारात द्या आणि रिक्षाने फिरा." मीही थोडा डळमळलो होतो. तिच्या नोंदणीची मुदत मार्चमध्ये संपत होती, आणि ती पुन्हा वाढवायची की नाही, हा प्रश्न आमच्या घरी जेवणाच्या ताटावर रोज वाढला जात असे.

संध्याकाळी चारला पनवेल सोडले. निघताना पेट्रोल भरले आणि वर तेल ओतले. लिटरला वीस मिलिलिटर पुरते, हे मला ठाऊक होते. पण म्हाताऱ्या इंजिनाला जरा माया लावावी म्हणून मी दुप्पट ओतले. मायेचे परिणाम पुढे दिसायचे होते.

गव्हाण फाट्यापर्यंतचा रस्ता म्हणजे ट्रेलरांची वारी. एकेका ट्रेलरवर एकेक घराएवढा कंटेनर, आणि त्यांच्या मागे आमची स्कूटर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत चाललेली. सौ. मागून दर पाच मिनिटांनी म्हणत होती, "अहो, थोडे अंतर ठेवा." मी ठेवलेल्या अंतरात लगेच दुसरा ट्रेलर घुसत होता. गव्हाणहून न्हाव्याकडे वळलो तेव्हा कुठे खाडीचा वारा लागला.

रात्री विद्यार्थ्याच्या घराच्या गच्चीवर बसलो. समोर जे दिसले ते लिहून सांगणे कठीण. डाव्या अंगाला बंदराच्या क्रेनांचे दिवे, उजवीकडे अटल सेतूच्या दिव्यांची माळ पार शिवडीकडे गेलेली, आणि मधल्या काळोखात घारापुरीचा डोंगर, ज्याच्या पोटात शंकर बसला आहे. हा सेतू 12 जानेवारी 2024 रोजी खुला झाला. लांबी 21.8 किलोमीटर. मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, "परतताना पुलावरून मुंबईला एक फेरी मारून येऊ!" विद्यार्थी हसला. "मास्तर, त्यावर दुचाकी चालत नाही." म्हणजे आमच्या तिसऱ्या व्यक्तीला तिथे मज्जाव. तिचा अपमान मला उगीचच लागला.

विद्यार्थ्याचे वडील तांडेल. वय ऐंशीच्या घरात, अंग अजून डोलकाठीसारखे ताठ. ते फारसे बोलत नव्हते. बंदर 26 मे 1989 रोजी सुरू झाले, तेव्हा त्यांच्या बोलण्यातला एक भाग कायमचा संपला असावा. शेव्याच्या मंडळींची घरे त्याआधीच हलवली गेली होती. नवीन शेवा आणि हनुमान कोळीवाडा अशा दोन वस्त्या वसल्या, आणि हनुमान कोळीवाड्यात घरांना वाळवी लागून लोक हैराण झाले. जमिनीच्या भावासाठी 1984 च्या जानेवारीत जासई-नवघर भागात शेतकरी उठले, गोळीबार झाला, पाच माणसे गेली. जासईचे दि. बा. पाटील त्या लढ्याचे पुढारी. हे सगळे विद्यार्थी सांगत होता. तांडेल नुसते क्रेनांकडे पाहत होते. एकदाच म्हणाले, "तिथं आमची जाळी लागत. आता तिथं पोराची क्रेन लागते." त्यात राग होता की अभिमान, हे मला शेवटपर्यंत उमगले नाही. कदाचित दोन्ही असेल.

दुसऱ्या दिवशी पुण्याला माझ्या थोरल्या बहिणीच्या डोळ्याची शस्त्रक्रिया होती. ती विधवा, मूलबाळ नाही. "तू आलास तरच मी टेबलावर चढेन," असे तिने बजावले होते. पनवेलहून आठची एस.टी. धरायची म्हणून आम्ही साडेपाचला उठलो. न्हाव्याची ती पहाट चांगलीच गार होती. दव एवढे पडलेले की स्कूटरची गादी भिजून चिंब झाली होती आणि हँडलवर हात फिरवला तर ओठाला खारट लागत होते.

चोक ओढला. किक मारली. काही नाही. पाच, दहा, वीस किका झाल्या. मग आमच्या पिढीचा रामबाण उपाय केला : स्कूटर डावीकडे कलवली, मिनिटभर धरली, सरळ केली, पुन्हा किक. स्कूटरने एकदा खोकल्यासारखे केले आणि ती गप्प झाली. पेट्रोलचा वास मात्र अंगणभर सुटला. डिकीत जादा प्लग होता, तो काढला. तोही काजळासारखा काळा! गेल्या वेळी खराब झालेलाच मी "जादा" म्हणून जपून ठेवला होता. सौ. काही बोलली नाही. लग्नाला चाळीस वर्षे झाल्यावर बायकोच्या न बोलण्याचा अर्थ नवऱ्याला कळतो. सहा वाजून दहा मिनिटे झाली. विद्यार्थी रात्रपाळीला गेलेला. त्या वेळी तिथे रिक्षा मिळण्याची आशा नव्हती. डोळ्यांसमोर बहीण दिसू लागली.

एवढ्यात तांडेल दात घाशीत ओटीवर आले. चूळ भरून म्हणाले, "मास्तर, पाय थांबवा. बुडालेल्याला आनखी पानी पाजू नका."

त्यांनी आधी पेट्रोलची चावी बंद केली आणि चोक आत ढकलला. प्लगची टोपी उपसून पान्याने प्लग काढला आणि तो माझ्या नाकासमोर धरला. "डोक्टर जीभ बगतो, तसा मशीनवाल्यानं हा बगावा. बिस्किटाच्या रंगाचा असला तर तब्येत चांगली. कोरडी काजली असली तर चोक जास्त. पांढरा पडला तर मशीन तापते. आन् हा असा ओला, तेलकट, काला असला तर...?"

"तेल जास्त," मी परीक्षेत नापास होणाऱ्या मुलाच्या आवाजात म्हणालो.

"आन् गाडी हलू-हलू चालवली?"

"ट्रेलरांच्या मागे."

"मंग बरोबर. प्लग तापला तर आपली घान आपनच जालतो. गाडी रांगली की तापत नाय."

विजेची ठिणगी दोन टोकांमधल्या फटीवरून उडी मारते आणि पेट्रोलची वाफ पेटते, हे मी पुस्तकात वाचले होते. पण काजळी बसली की ती का उडत नाही, ते तांडेलांनी दोन वाक्यांत सांगितले. "खारबंदिस्तीचा बांध बगितलाय ना? चिंबोरीनं त्याला भोक पाडलं, तर पानी बांधावरून उडी मारत नाय, भोकातून पलतं." काजळी म्हणजे ते भोक. वीज चिनीमातीवरच्या काजळीतून चोरवाटेने लोखंडात निघून जाते, फटीपर्यंत जोर उरतच नाही. त्यात गार हवेत पेट्रोलची वाफ नीट होत नाही. ते थेंबांनीच प्लगवर बसते, आणि आपण चोक ओढून वर आणखी ओततो. "कलवायची ती टाकीत पेट्रोल कमी असल तवा," तांडेल म्हणाले. मी तर भरलेली टाकी कलवली होती!

प्लगचे भोक उघडे ठेवून, थ्रॉटल पूर्ण पिळून, त्यांनी मला दहा किका मारायला लावल्या. आतले पेट्रोल फवाऱ्यासारखे बाहेर आले. तारेच्या ब्रशाने प्लग घासून झाल्यावर ते तो घेऊन स्वयंपाकघरात गेले, स्कूटरपासून दूर. तिथे त्यांची थोरली लेक चहा टाकीत होती. गॅसच्या दुसऱ्या शेगडीवर सांडशीत धरून तांडेलांनी प्लगवरचे तेल जाळले.

"बाबा, पुन्हा प्लग भाजता?" लेक हसून म्हणाली.

"हिच्यापायीच शिकलो मी," तांडेल म्हणाले. आणि प्लग निवेपर्यंत त्यांनी जे सांगितले, ते सगळ्या प्रवासात मला मोलाचे वाटते.

पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. भाद्रपदातली रात्र. त्यांच्या बायकोला कळा सुरू झाल्या आणि सुईण म्हणाली, मूल आडवे आहे, उरणला न्या. त्या वेळी रात्री होडी हाच रस्ता. वारा पडलेला, शीड निकामी. मुंबईहून जुने घेतलेले एक मशीन होडीच्या मागे लावलेले होते. दोरी ओढ-ओढ ओढली, मशीन उठेना. हाताची सालटी निघाली. बायको होडीत निपचित. शेवटी त्यांची मावशी चिखलातून आली, प्लग काढायला लावला आणि घरी नेऊन चिमट्यात धरून चुलीत भाजून आणला. मशीन उठले. मोऱ्याच्या धक्क्याला होडी लागली, डॉक्टर भेटला, दोन्ही जीव वाचले. "त्या रातीपासून मशीन बंद केल्यावर प्लग बगितल्याशिवाय मी जेवलो नाय. सकालचं काम संध्याकाली."

लेकीने आमच्या पुढे चहाचे कप ठेवले. तिला ही गोष्ट पाठ असणार. तरी ती दारात उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती.

मला माझा कॅनडातला भाचा आठवला. तिकडे शून्याखाली पंचवीस अंशांत तो बर्फावरची मोटार चालवतो. ती बरीच वर्षे आमच्या स्कूटरसारखीच दोन फटक्यांची होती. तो सुका प्लग कोटाच्या आतल्या खिशात उबेला ठेवतो. त्या गाडीचा इतिहासही त्यानेच सांगितला होता. क्वेबेकमधल्या जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए नावाच्या कारागिराचा लहान मुलगा 1934 च्या हिवाळ्यात दगावला. रस्ते बर्फाने बुजले होते, रुग्णालय गाठता आले नाही. बर्फावरून चालणारे वाहन करण्याचा त्या बापाचा खटाटोप आधीपासूनच चालू होता, पुढे त्याने तो तडीस नेला, आणि 1959 मध्ये त्याच्या कारखान्यातून छोटी स्की-डू बाहेर पडली. कुठे क्वेबेक आणि कुठे न्हावा! पण रस्ता नसलेल्या गावातल्या बापाची रात्र सगळीकडे सारखीच.

प्लग निवला. तांडेलांनी हॅकसॉच्या पात्याचा तुकडा फटीत घालून पाहिला. त्याची जाडी साधारण तेवढीच, म्हणजे 0.6 मिलिमीटरच्या आसपास. टोपीवरचे खारे दव फडक्याने पुसले. प्लग आधी बोटांनी बसवला, मग पान्याने थोडासाच आवळला. "आता चोक नको. मारा."

तिसऱ्या किकेला स्कूटर उठली. निळ्या धुराचा एक लोट अंगणात पसरला आणि सौ. प्रथमच बोलली, "अहो, चला आता!"

निघताना मी तांडेलांना नमस्कार करायला वाकलो, तर त्यांनी हात धरले. "मास्तर, घर दोनशे पावलं राहिलं की पेट्रोल बंद करा. कार्बोरेटर कोरडा होऊन बंद पडंल. सकाली तरास नाय."

आठची एस.टी. मिळाली. बहिणीची शस्त्रक्रिया नीट झाली. पट्टी काढल्यावर तिने मला पाहिले आणि म्हणाली, "किती म्हातारा झालास रे!" दृष्टी उत्तम आल्याचा याहून पुरावा कोणता?

मार्चमध्ये मी स्कूटरची नोंदणी वाढवून घेतली. चिरंजीव चार दिवस बोलले नाहीत. आता तेल मापाने ओततो, आणि संध्याकाळी घर दोनशे पावलांवर आले की चावी बंद करतो. कधी अंदाज चुकतो, स्कूटर कोपऱ्यावरच थांबते, आणि मी ती ढकलत घरी आणतो. शेजारी हसतात. हसोत बापडे. सदऱ्याच्या खिशात सुका प्लग असतो.