समोच्च रेषा

मध्यरात्रीपासून पाऊस पत्र्यावर हलक्या बोटांनी वाजतो आहे आणि माझी ट्रंक अजून उघडीच आहे. सकाळी कराडहून पुण्याची एसटी, परवा कॉलेजातला पहिला दिवस. शिकवण्याचा नाही, ओळखीचा. इंडक्शन. यूजीसीने २०१९ मध्ये या दिवसांना ‘दीक्षारंभ’ असं गंभीर, उदबत्तीच्या वासाचं नाव दिलं. पण मला आठवत राहतं ते बारावीच्या फिजिक्समधलं इंडक्शन. तारेच्या वेटोळ्याजवळून चुंबक सरकला की स्पर्श न होताही तारेत वीज जागी होते, आणि चुंबक थांबला की तीही निमूट विझते. नुसतं जवळ असून भागत नाही.

सरकावं लागतं.

आई फाइल तिसऱ्यांदा लावते आहे. लिव्हिंग सर्टिफिकेट, डोमिसाइल, सीईटीचं स्कोअरकार्ड, कॅप राउंडचं अलॉटमेंट लेटर, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. त्या गुळगुळीत, पांढऱ्या कागदांतून एक पिवळा कागद निसटतो, घडीवर विरलेला, कापूर ठेवलेल्या कपाटाचा वास घेऊन आलेला. पणजोबांच्या नावाचा धरणग्रस्ताचा दाखला. “याचं तिथं काय काम?” म्हणत आई तो बाजूला ठेवते. ती दुधाकडे वळते तेव्हा मी तो परत फाइलच्या तळाशी सरकवते.

आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. मी ते पाहिलेलं नाही. तरी पावसाळ्यात आमच्याकडे माणसं एकमेकांची खुशाली विचारायच्या आधी ‘धरण किती झालं?’ असं विचारतात, आणि कोणीतरी टीव्हीवरून नजर न काढता टीएमसीचा आकडा सांगतं, तेव्हा तो आकडा माझ्या अंगात कुठेतरी चढत जातो. साठ, ऐंशी, नव्वद. १०५ टीएमसीला ते काठोकाठ होतं. लहानपणी मला वाटे, आता आमच्या अंगणातली तुळस बुडाली असेल, आता देवळाचा कळस. ती तर कधीच, कायमची बुडाली होती, हे कळायला फार वर्षं लागली.

मी सिव्हिल निवडलं तेव्हा सगळ्यांनी विचारलं, कॉम्प्युटर का नाही? आजीने मात्र काहीच विचारलं नाही. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, आणि मग तिने ती गोष्ट सांगितली. लग्न होऊन तिला दोनच वर्षं झाली होती. “सायब आलं हुतं. तीन पायांवर दुर्बीन उभी केली, एक डोळा झाकून बगितलं, आन् आमच्या जोत्याच्या वर, पार वर, वडाच्या खोडावर चुन्याचा पट्टा वढला. म्हनलं, हितवर पानी येनार. आमी समद्यांनी माना वर करून बगितलं. वर निस्तं आभाळ.”

शाळेत भूगोलाच्या वहीत मी समोच्च रेषा काढायचे. सारख्या उंचीचे बिंदू जोडणाऱ्या त्या वळणावळणाच्या रेषा मला झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारख्या दिसत, वयाच्या खुणांसारख्या, मऊ, कोणालाही न दुखवणाऱ्या. पुढे उमगलं की शांत पाण्याचा काठ हीच एक समोच्च रेषा असते. कोयना धरणाचा जलाशय, शिवसागर, भरतो तेव्हा ती समुद्रसपाटीपासून साधारण ६५९ मीटरवरून जाते, दऱ्यांत शिरते, टेकड्यांना वळसा घालते, एकसारखी, अचूक. कोयनेला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात. खोटं नाही ते. याच पाण्यावर किती घरांत दिवे लागले, आत्ता माझ्या ट्रंकेवर पडलेला हा उजेडही कदाचित तिथलाच असेल. फक्त भाग्यरेषा कोणाच्या तळहातावर उमटते आणि कोणाच्या उंबऱ्यावरून जाते, एवढंच.

“राग नाही आला?” मी विचारलं होतं.

“त्येनं बरूबर मापलं हुतं,” आजी म्हणाली. “वडापतूरच आलं.”

हे वाक्य मी ट्रंकेत कुठे ठेवू? ड्राफ्टर ठेवला, शेजारच्या दादाने दिलेला, त्याच्या पट्टीवरचे आकडे त्याच्या बोटांनी पुसट झालेले. टू-एच आणि एचबी पेन्सिली ठेवल्या. वर्कशॉपसाठी जाड बूट ठेवले. कॉलेज १८५४ सालचं, रस्ते, पूल, कालवे बांधणारी माणसं घडवायला निघालेलं. सर विश्वेश्वरय्या तिथेच शिकले. मुळा-मुठेच्या संगमालगतच ते आहे हे वाचून मला उगाच धीर आला. इथे कृष्णा आणि कोयना महाबळेश्वरच्या एकाच डोंगरातून निघून, दोन वाटांनी भटकून, कराडला समोरासमोर येऊन एकमेकींच्या गळ्यात पडतात. तिथलं पाणी भीमेतून वाहत वाहत शेवटी कृष्णेलाच मिळतं, फार खाली, रायचूरकडे. म्हणजे हॉस्टेलजवळून गेलेलं आणि आमच्या घाटावरून गेलेलं पाणी कधीतरी एकाच पात्रात असणार.

आजीला झोप नाही. ती येऊन बसते, ट्रंकेतल्या कोऱ्या शीटवरून हात फिरवते, जणू कापडाचा पोत बघते आहे. मग पेन्सिल मागते. तिने आयुष्यात कागदावर रेघ काढलेली मी पाहिली नाही. ती रांगोळी काढते तशी, चिमटीत पेन्सिल धरून, मनगट न टेकवता काढू लागते. हा सोपा. हे माजघर. ही न्हाणी, इथं चूल, इथं म्हशीचा गोठा. हितं तुळस. रेघा थरथरतात, पण एकही दार ती विसरत नाही. शीटवर एक घर हळूहळू पाण्यातून वर यावं तसं वर येतं.

मी उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक आखते. काढणार: आजी. स्केलच्या चौकटीपाशी माझी पेन्सिल थांबते.

“आजी, माजघर केवढं होतं गं?”

ती गुडघ्यावर हात देऊन उठते, भिंतीला पाठ लावून उभी राहते, आणि डोळे मिटून पावलं मोजत चालू लागते. एक, दोन, तीन. सहाव्या पावलाला आमची खोली संपते. ती थांबत नाही. चाचपडत कडी काढते, दार उघडते, आणि मोजत मोजत पावसात उतरते.