लशीनंतरचें पथ्य

आमच्या डाव्या दंडावर देवीचा वण आहे. लहानपणीं देवी टोचल्यावर ताप आला, तेव्हां मातोश्रींनीं आम्हांस दोन दिवस मऊ भात भरविला. एवढेंच तेव्हांचें पथ्य. साठी उलटल्यावर हाच पथ्याचा विचार आमच्याकडून कसा चुकला, तें वाचकांस सांगणें आम्हांस प्राप्त आहे.

१ मार्च २०२१ पासून साठीपुढील लोकांस कोविडची लस मिळूं लागली. आमची थोरली बहीण अक्का लातुरास असते. आम्हीं नांदेडास व तिनें लातुरास त्याच महिन्यांत कोविशील्ड टोचून घेतली. दुसऱ्या दिवशीं तिचा फोन आला. "बापू, अंग मोडून आलंय, तापही आहे. रक्तदाबाची गोळी घेऊं ना रे?"

आम्ही जन्मभर संस्कृत शिकविलेलें. वैद्यकाचा गंध नाहीं. तरी ठासून सांगितलें, "लस अंगीं मुरेपर्यंत दुसरें औषध पोटांत नको. चार दिवस गोळी बंद ठेव." आमच्या घराण्यांत 'बापूला विचारा' म्हणजे शेवटचा शब्द. अक्कानें गोळी बंद केली.

चौथ्या दिवशीं तुळशीस पाणी घालतांना तिला घेरी आली व ती पायरीवर पडली. कपाळास टांके पडले. रक्तदाब फार चढला होता. डॉक्टरांनीं विचारलें, "गोळी कोणीं बंद केली?" अक्का म्हणाली, "मीच विसरलें." भाच्यानें हें कळविलें, तेव्हां आमची मान खालीं गेली.

आम्ही तडक लातुरास गेलों व डॉक्टरांपाशीं आपली चूक कबूल केली. त्यांनीं न रागावतां समजाविलें. लशीनंतरचा ताप व अंगदुखी म्हणजे शरीर रोगाशीं लढण्याची तयारी करीत असल्याची खूण; बहुधा दोन-तीन दिवसांत तीं ओसरतात. १८९७ च्या जानेवारींत हाफकिन यांनीं मुंबईस प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचली, तेव्हां त्यांनाही ताप आला होता. ताप न आला म्हणून लस वायां गेली, असेंही नव्हे.

रक्तदाब, मधुमेह व हृदयविकार यांचीं नेहमींचीं औषधें लशीसाठीं आपल्या मनानें थांबवूं नयेत. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यानें तें आधींच सांगावें व टोचल्या जागीं कापूस कांहीं मिनिटें दाबून धरावा, चोळूं नये. तापानें त्रास झाल्यास पॅरासिटामॉल घ्यावी. ताप येईल या धास्तीनें आधींच घेऊं नये. सर्दीच्या पुष्कळ औषधांतही तीच असते, म्हणून दुहेरी मात्रा टाळावी. लहान मुलांस ती डॉक्टर वजनावरून सांगतील तेवढीच द्यावी. ॲस्पिरिन मुळींच देऊं नये. मात्र धाप लागली, तोंड सुजलें, छातींत दुखूं लागलें किंवा डोकेंदुखी वाढतच राहिली, तर घरगुती उपाय करीत न बसतां रुग्णालय गांठावें.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं सर्वांसमक्ष सांगितलें कीं, अक्का विसरली नव्हती. गोळी आम्हीं बंद करविली. सुना-नातवंडें स्तब्ध झालीं. अक्का एवढेंच म्हणाली, "कशाला रे बोललास?"

दुसऱ्या मात्रेच्या दिवशीं आम्ही पुन्हा लातुरास होतों. सकाळीं तिची गोळी व पाण्याचा पेला आम्हींच तिच्या हातीं दिला. आतां औषधाविषयीं घरांतून कोणी विचारलें, तर आम्ही डॉक्टरांचा नंबर देतों.