लाखांदूरला कोणी येत नाही

आधीच सांगून टाकतो. मी अठ्ठावीस वर्षांचा घोडा झालोय, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे, माझ्या वयाची मंडळी लंच टेबलवर होम लोनचे व्याजदर बोलतात, आणि मी अजूनही सुपरहीरोंची कॉमिक्स विकत घेतो. मार्वल-डीसी नाही हो, ती तर आता सगळ्यांचीच झालीत. मी म्हणतोय ती आपली, राज कॉमिक्स. नागराज, सुपर कमांडो ध्रुव, डोगा. टीममधल्या पुण्या-मुंबईच्या पोरांना ही नावं सांगितली की ती "हे काय नवीन?" असा चेहरा करतात. विदर्भातला, त्यातून भंडारा-गोंदियाकडचा कोणी भेटला की मात्र डोळे चमकतात. अर्धा तास मग कोडबिड सगळं बाजूला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. (ज्यांना माहीत आहे त्यांनी खुशाल पुढच्या परिच्छेदावर उडी मारा.) दिल्लीच्या राजकुमार गुप्तांच्या प्रकाशनातून 1986 मध्ये नागराज आला. अंगात विष, शरीरात राहणारे साप, हिरवी खवल्यांची कातडी. पुढच्या वर्षी, 1987 मध्ये अनुपम सिन्हांनी सुपर कमांडो ध्रुव काढला. त्याच्याकडे शक्ती वगैरे काही नाही. सर्कशीत वाढलेला पोरगा, कसरती येतात, पशुपक्ष्यांशी बोलता येतं आणि डोकं चालतं. 1990 च्या दशकात मुंबईचा डोगा आला. कुत्र्याचा मुखवटा, हातात बंदूक, माफी नाही. आणि मराठी माणसानं कॉलर ताठ करावी अशी एक गोष्ट: सुरुवातीचा नागराज कागदावर उतरवला तो प्रताप मुळीक यांनी. हेच मुळीक अमर चित्र कथेचे, आणि अमिताभ बच्चनला सुपरहीरो करणाऱ्या 'सुप्रीमो'चेही. म्हणजे हिंदीतल्या सगळ्यात लोकप्रिय सुपरहीरोला चेहरा दिला मराठी माणसानं, पण तो हीरो मराठी काही बोलला नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमचं लाखांदूर म्हणजे भंडारा जिल्ह्याचं दक्षिण टोक. चुलबंद नदी, धानाच्या बांध्या, पलीकडे वैनगंगा, आणि जवळच गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा. गावात रेल्वे नाही. गाडी बघायची तर वडशाला जायचं. माझ्या लहानपणी कॉमिक्सही वडशाहूनच यायची. बाबा कामानिमित्त गेले की स्टेशनजवळच्या स्टॉलवरून एखादं आणायचे, तेही परीक्षेत मार्क पडले असतील तर. एक अंक वर्गातल्या पंधरा-वीस पोरांच्या हातून फिरायचा, आणि परत येईपर्यंत मुखपृष्ठ गायब असायचं. माझं हिंदी शाळेत सुधारलं नाही, ते ध्रुवनं सुधारलं.

आमच्या वेळची मोठी घटना म्हणजे 'नागायण'. 2007 ते 2009 या काळात आलेली आठ भागांची मालिका. रामायणाचा साचा, भविष्यातला काळ, नागराज आणि ध्रुव एकत्र. आजच्या भाषेत आमचं 'एंडगेम'च ते. फरक एवढाच, की एंडगेमला तिकीट काढून तीन तासांत मोकळं होता येतं. आम्हाला एक कांड वाचल्यावर पुढचं कांड वडशाला कधी येईल याची महिनोन् महिने वाट बघावी लागायची. मला सहावा भाग पाचव्याच्या आधी मिळाला होता. मधली गोष्ट आम्ही पोरांनी मिळून रचली, आणि खरा पाचवा भाग हाती आला तेव्हा आमचीच गोष्ट बरी होती असं सर्वानुमते ठरलं :)

तर, नवीन अंक.

राजकुमार गुप्तांच्या निधनानंतर घरात वाटण्या झाल्या. आता अंकावर 'राज कॉमिक्स बाय संजय गुप्ता' नाहीतर 'बाय मनोज गुप्ता' असं लिहिलेलं असतं. म्हणजे धुऱ्यावरून भावाभावांत वाटणी झाल्यासारखं, नागराज यांच्याकडेही आणि त्यांच्याकडेही. गावाकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बाकी चांगलं ते चांगलंच म्हणतो. कागद गुळगुळीत आहे, छपाई उत्तम आहे, रंग डोळ्यात भरतात. जुने अंक पुन्हा छापून येतायत ही तर फार मोठी गोष्ट. जे पिवळट कागदावर, पानं फाटलेल्या अवस्थेत वाचलं होतं, ते पुरं वाचायला मिळतंय.

पण तीन तक्रारी आहेत.

पहिली, किंमत. जाड बांधणीचे संच हजाराच्या घरात जातात. मला परवडतं, कारण मी पुण्यात नोकरी करतो. पण माझ्यासारखेच, तिशीच्या आसपासचे, आठवणी विकत घेणारे लोकच जर गिऱ्हाईक असतील, तर ही गोष्ट पुढच्या पोरांपर्यंत जाणार कशी? सुपरहीरो हा मुळात दहा वर्षांच्या पोरासाठी असतो. आम्ही सगळे उपरे.

दुसरी, विश्व. हल्ली प्रत्येक मालिकेत विश्व संपायला आलेलं असतं. सगळे नायक एकत्र, सगळे खलनायक एकत्र, तीन-चार मिती, दोन-तीन काळ. 2010 च्या दशकात सुरू झालेल्या 'सर्वनायक' मालिकेपासून ही सवय फार वाढली. मार्वलनंही तेच केलं, त्यामुळे एकट्या आपल्यांना दोष नाही. पण विश्व वाचवणं फार सोपं असतं हो. ते वाचणार हे पहिल्या पानावरच माहीत असतं. एक गाव वाचवणं अवघड.

तिसरी, ध्रुवचं डोकं. जुन्या ध्रुवच्या अंकात शेवटची दहा पानं म्हणजे निव्वळ डीबगिंग असायचं. शत्रूकडे अमुक शक्ती आहे, ती कशावर चालते, तिचा आधार कुठला, तो आधार काढून घेता येईल का? शाळेतलं विज्ञान वापरून पोरगं राक्षसाला लोळवायचं. मी इंजिनीअर झालो त्यात याचा वाटा आहे असं मी इंटरव्ह्यूत सांगत नाही, पण आहे. नव्या अंकांत मात्र बरेचदा कुठून तरी एखादी दैवी शक्ती येते आणि प्रश्न सुटतो. कोड चालतो, पण का चालतो ते कुणालाच सांगता येत नाही, तसं.

आता हे सगळं मी का लिहितोय? कारण 2022 साली आमच्याकडे एक खराखुरा 'अंक' घडला, आणि तेव्हापासून मला कॉमिक्स वेगळी दिसायला लागली.

त्या वाघाचं वनखात्याच्या कागदावरचं नाव सीटी-1. वडसा, लाखांदूर, ब्रह्मपुरी हा सगळा पट्टा त्यानं पायाखाली घातलेला. तेरा माणसं मारली त्यानं. सहा वडसा भागात, चार भंडारा जिल्ह्यात, तीन ब्रह्मपुरीकडे. आमच्याकडे जंगल म्हणजे रिसॉर्ट नाही. सरपण, मोहफुलं, तेंदूपत्ता, पावसाळ्यात सात्या, सगळं तिथूनच येतं. धानाची बांधी संपते तिथे झाडी सुरू होते. आमच्या मामाचं शेत असंच जंगलाला लागून. त्या दिवसांत मी इकडे एअर कंडिशन्ड ऑफिसात बसून व्हॉट्सॲपवर पंजाच्या ठशांचे फोटो बघायचो, आणि रात्री आईला फोन करायचो. मी म्हणायचो, मामाला सांग शेतावर जाऊ नको. आई म्हणायची, "नाई जाऊन कसं चालन गा, धान का आपल्या पायानं घरी येते?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

तेव्हा झोप येत नसली की मी एक खेळ खेळायचो. आपल्या हीरोंपैकी लाखांदूरला कोण उपयोगी पडलं असतं?

डोगा? त्यानं एका रात्रीत गोळी घातली असती. गावात तेव्हा बऱ्याच लोकांना तेच हवं होतं, आणि ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला मी पुण्यातून वन्यजीव कायदा शिकवणार नाही. नागराज? तो आला असता, त्यानं वाघाला सापांनी बांधलं असतं आणि महानगरला परत गेला असता. पुढच्या महिन्यात दुसरा वाघ आला की पुन्हा बोलवा.

ध्रुव. मला नेहमी ध्रुवच आठवायचा. तो वाघाशी बोलला असता. आणि मला वाटतं, तिथेच खरी गोष्ट सुरू झाली असती. वाघ काय म्हणाला असता? मी कुठे जाऊ? जुन्या जंगलात माझ्यापेक्षा तगडा नर बसलाय, इकडे आलो तर प्रत्येक झाडाखाली वाकलेलं माणूस दिसतं. मग ध्रुव माणसांशी बोलला असता, तर माणसं काय म्हणाली असती? आम्ही कुठे जाऊ? चूल कशावर पेटवू? या दोन्ही प्रश्नांना शेवटच्या दहा पानांत उत्तर नाही. इथे खलनायकच नाही. असा अंक कोणी काढला तर मी दोन हजार रुपये द्यायला तयार आहे.

प्रत्यक्षात झालं ते असं. वनखात्याची पथकं दिवसच्या दिवस मागावर होती. कॅमेरे, मचाणी, पायपीट. 13 ऑक्टोबर 2022 ला वडशाच्या जंगलात त्याला बेशुद्धीचं इंजेक्शन मारून पकडलं आणि नागपूरला गोरेवाड्यात नेलं. ना मुखवटा, ना केप. चिखलात उभं राहून डार्ट लागेल इतक्या जवळ जाणारी पगारी माणसं. पकडल्याचा मेसेज आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. आईला फोन लावला तर ती म्हणाली, मामा सकाळपासूनच शेतावर गेलाय.

त्याआधी ऑगस्ट 2020 च्या अखेरीला वैनगंगेला महापूर आला होता. वर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं, गोसीखुर्दचे दरवाजे उघडले, आणि खालच्या गावांत पाणी शिरलं. तेव्हाही नावा घेऊन कोण आलं? साधीच माणसं. मला तेव्हापासून वाटतं, की सुपरहीरो नेहमी महानगर, राजनगर, मुंबई नाहीतर न्यूयॉर्कलाच का राहतो, याचं कारण साधं आहे. कॉमिक्स काढणारा तिथे राहतो. लाखांदूरला कोणी येत नाही, कारण लाखांदूरहून कोणी लिहीत नाही.

आणि भाषा? आपल्या आधीच्या पिढीला इंद्रजाल कॉमिक्समधून मराठी बोलणारा वेताळ तरी मिळाला होता. 1964 ला सुरू झालेलं इंद्रजाल 1990 ला बंद पडलं. त्यानंतर जन्मलेल्या आम्हाला हिंदी किंवा इंग्रजी. 2023 मध्ये 'अॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स' मराठीतही डब होऊन आला, त्यात भारतीय स्पायडरमॅन पवित्र प्रभाकरही आहे. 2004 च्या मूळ कॉमिकमध्ये हा पवित्र खेड्यातून मुंबईला आलेला, धोतर नेसलेला, शाळेत चिडवला जाणारा पोरगा आहे. मला तो एकदम ओळखीचा वाटला. माझ्या इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी माझ्या 'काहून'वर सगळं हॉस्टेल हसायचं. पण त्यालाही शक्ती मिळते ती शहरात आल्यावरच. गावी राहिला असता तर?

"मराठीत कॉमिक्सला मार्केट नाही" हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय. त्यांनी एकदा दिवाळीनंतर वडशाला जावं. झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात, गावोगाव मंडप, कडाक्याची थंडी, लोक तिकीट काढून सकाळपर्यंत बसतात. तिथे सरकारी अनुदानाची वाट कोणी बघत नाही. तंत्र साधं: गोष्ट आपली, भाषा आपली, भाव परवडणारा, आणि नाटक गावात येतं, गावाला नाटकापर्यंत जावं लागत नाही. कॉमिक्सवाल्यांनी एवढ्या चार गोष्टी जरी उचलल्या तरी पुष्कळ होईल. साध्या कागदावर, काळ्यापांढऱ्या चित्रांत चालेल. माझ्या भाच्याला गुळगुळीत कागद नकोय, त्याला पुढे काय झालं ते हवंय.

तर मंडळी, या महिन्याचा सल्ला: नवीन विश्वसंहारक संच घेऊ नका, तेवढ्या पैशात ध्रुवचे जुने, पुन्हा छापलेले अंक घ्या. स्वतः एकदा वाचा आणि मग कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवू नका. गावी घेऊन जा. मी या दिवाळीला आठ अंक नेतोय. भाचा ते वर्गात फिरवणार, मुखपृष्ठं फाटणार, एखादा परत येणारच नाही. माझ्या ओळखीचे कलेक्टर लोक हे वाचून हळहळतील. हळहळू देत.

आणि तुमच्यापैकी कोणाला चित्र काढता येत असेल तर मला कळवा. गोष्ट माझ्याकडे आहे. वाघ आहे, मामा आहे, जंगलाला लागून शेत आहे. शेवट तेवढा अजून सुटलेला नाही.

असो. उद्या सोमवार.